काडीपेटीच्या मापाची खाण

खाणीचं तोंड विटांनी बुजवलं त्या आठवड्यात राजूरच्या बायका विहाराच्या पायऱ्यांवर बसून त्याच एका विषयावर बोलत होत्या. कोणाचा नवरा तिथे तीस वर्षं उतरला होता, कोणाचा भाऊ, कोणाचा सासरा. प्रभावती नगराळे म्हणाली, "बत्तीस वर्षं डबा भरला बाई मी. पन तो डबा कुठं बसून खात होते, ते मले आजवर माहीत नाही."

"कोनाले माहीत हाय?" बेबीताई म्हणाली. बेबीताई तिची शेजारीण. "बायांले खाली जाऊच देत नव्हते."

खरंच होतं ते. तिचे यजमान धर्मपाल निवृत्त झाले तेव्हा हार, शाल आणि नारळ घ्यायला प्रभावतीलाही ऑफिसात बोलावलं होतं. साहेबाला तिनं विचारलंही होतं, जरा आत पाहू का म्हणून. साहेब भला माणूस. त्यानं तिला खाणीत उतरणाऱ्या वाटेच्या लोखंडी फाटकापर्यंत नेलं. आतून गार वारा आला आणि ओल्या मातीचा वास आला. दिसलं काहीच नाही. आता तर फाटकही गेलं होतं.

घरी येऊन तिनं धर्मपालांना सांगितलं, "तोंड बंद केलं म्हनते. मले तं आतलं काही दिसलंच नाही."

"काय पाहाचं हाय तिथं?" धर्मपाल म्हणाले. "अंधार."

एवढ्यावर विषय संपला. धर्मपालांचं बोलणं नेहमी असंच. खाणीत त्यांचं काम टेकू लावायचं. बोगद्याचं छत काठीनं ठोकून त्याचा आवाज ऐकायचा, कुठे कच्चं वाटलं तर खाली लाकडाचा टेकू ठोकायचा. घरी आले की आंघोळ, जेवण, झोप. "काय केलं आज?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काम." आता निवृत्तीला सात वर्षं झाली होती. छातीत धूळ बसली होती, दहा पावलं चाललं की दम लागायचा. दिवसभर पडवीत खाटेवर बसून रस्त्याकडे पाहत राहायचे. माणूस वाईट नव्हता, कधी हात उचलला नाही, दारूला शिवला नाही. पण त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग जमिनीखाली राहून गेला आणि त्यातलं काही वर आलं नाही, असं प्रभावतीला वाटायचं.

प्रभावती सत्तावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. सरकारी खेळणी फुटली की नवी यायला वर्ष लागायचं, तेवढ्यात तीच काहीतरी करायची. औषधाच्या झाकणांची चाकं, अंड्याच्या कवचाच्या बाहुल्या, खोक्यांची आगगाडी. घरात कुठलीही वस्तू टाकताना तिचा हात आधी एकदा थांबायचा. तसाच अश्वजितनं, म्हणजे तिच्या मुलानं, लोहाऱ्याहून आणलेल्या टीव्हीचा मोठा खोका तिनं माळ्यावर जपून ठेवला होता. तो तिनं उतरवला.

जुने पेपर भिजवले, कुटले, मैद्याची खळ शिजवून त्यात कालवले. खोक्याच्या आत दोन्ही बाजूंनी तो लगदा थापून एक बोगदा केला. वाळल्यावर चुलीच्या तव्याची काजळी फेविकॉलमध्ये घोळून सगळा काळाभोर रंगवला. मागच्या अंगणात तीन दिवस हे चाललं होतं. चौथ्या दिवशी धर्मपाल काठी टेकत मागे आले.

"हे काय व्हय?"

"तुमची खान."

त्यांनी वाकून पाहिलं. मग परत खाटेवर जाऊन बसले. प्रभावतीनं चहा नेऊन दिला. तो पिऊन झाला, कप खाली ठेवला, तेव्हा म्हणाले, "भिंती काया नसतेत."

"आँ?"

"खानीतल्या भिती. पांढऱ्या असतेत. दगडाची पांढरी भुकटी मारतेत सगळीकडं. कोयशाची धूय पेट घेते ना, म्हनून. काया फक्त समोरचा कोयसा, जिथं कटाई चालते तेवढाच."

प्रभावती त्यांच्याकडे पाहतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून रोज ती या माणसाला मनातल्या मनात एका काळ्या भोकात पाठवत होती. पांढऱ्या भिंती तिच्या कधी स्वप्नातही आल्या नव्हत्या.

"इतके वर्सं काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं नाही."

"मी रोज इचारत होती!"

"तू 'काय केलं' म्हनून इचारत होती," धर्मपाल म्हणाले. "भिती कशा हायेत म्हनून कधी इचारलं?"

तिला हसावं की रडावं कळेना. ती उठली, बेबीताईकडून वाटीभर चुना घेऊन आली. राजूर हे चुनाभट्ट्यांचं गाव, तिथे चुन्याला काय तोटा. काळ्या भिंतींवर तिनं चुन्याचा हात फिरवला. धर्मपालांनी खाट सरकवून मागच्या दारात घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मापाचा प्रश्न काढला. "टब कशाचा करशीन?" टब म्हणजे कोळसा वाहायचा रुळावरचा डबा. प्रभावतीनं काडीपेटीचं खोकं दाखवलं. त्यांनी ते बोटांनी मोजलं, डोळे मिटून काही हिशेब केला. "टब साडेपाच फूट लांब. मानूसही साडेपाच फुटाचाच धर. म्हंजे मानूसही काडीपेटीएवढाच. छत चार बोटं वर. त्याच्यावर गेलं तं ती खान नाही, सिनेमा टाकीज व्हईन." प्रभावतीचा बोगदा वीतभर उंच होता. तो मोडावा लागला. लगदा पुन्हा भिजवला, पुन्हा थापला.

मग घरात शोधाशोध सुरू झाली. रूळ कशाचे? खिळे छोटे पडले, तार वाकायला लागली. शेवटी मोडक्या छत्रीच्या काड्या काढल्या, त्या सरळ आणि टणक, अगदी रुळासारख्या चकचकीत. त्यांच्या खाली खराट्याच्या काड्या आडव्या. टेकूंना तुराटी, ती तर शेताच्या बांधावर हवी तेवढी. वाळलेली तुराटी योग्य जाडीची निवडून, साल काढून धर्मपाल स्वतः ब्लेडनं कापायला लागले. एक टेकू कापला की उभा धरून पाहायचे, तिरपा असला तर बाजूला. हवा अडवायला खाणीत पडदे असतात असं त्यांनी सांगितलं. ते खताच्या पोत्याचे झाले. चहाचा चोथा उन्हात वाळवून जमिनीवर पसरला. खाणीतल्या माणसांच्या डोक्यावरच्या टोपांचं काही जमेना. मणी जड, बटणं चपटी. एका सकाळी धर्मपालांनी दम्याची गोळी काढली आणि गोळ्यांची रिकामी पट्टी हातात धरून बसले. गोळी ठेवायचा तो प्लास्टिकचा फुगवटा बरोबर टोपाच्या आकाराचा होता. "आयकलं का," ते ओरडले. आजवर त्यांनी तिला असं आनंदानं कधी हाक मारली नव्हती.

टब ओढणाऱ्या दोराला तार हवी म्हणून प्रभावती फाट्यावरच्या शब्बीरभाईकडे गेली. शब्बीर मोटरसायकली दुरुस्त करायचा. त्यानं जुनी ब्रेकची तार दिली, वर विचारलं, "भाभी, सरकारनं खाण बंद केली अन् तुम्ही घरातच चालू केली का?"

"चालू केली," ती म्हणाली. "तुमाले भरती व्हाचं हाय का?"

पण खाण काही सरळ झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी झाकण काढलं तर डावीकडची अख्खी भिंत गायब. उंदरांनी खळ खाल्ली होती. प्रभावती पायरीवर बसली ती उठेना. पंधरा दिवसांचं काम होतं ते. तार मोजायला आलेला शब्बीर ते पाहून गेला आणि संध्याकाळी त्याची बायको बिस्मिल्लाबी कागदाच्या पुडीत काहीतरी निळं घेऊन आली.

"मोरचूद हाय ताई. खळ शिजली का चिमूटभर टाकायची. आमचे अब्बा वणीत किताबा बांधायचे, याच्याबिगर खळीले हातच नाही लावायचे. उंदीर काय, झुरळ बी येनार नाही. पन हात धुवा बरं नीट, जहर असते."

भिंत पुन्हा उभी राहिली. यावेळी तिच्यात एक खिळाही आला, कारण कामात हात चालू असताना धर्मपाल सहज म्हणाले, "इथं डबा टांगत होतो. उंदीर तिथंही लय. तिसऱ्या वळनावर बसायचं, पानी टपकत नव्हतं तिथं. सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. तुही शेवग्याची भाजी मले कधी पुरी मियालीच नाही."

प्रभावतीनं मान वर केली नाही. वर केली असती तर ते बोलायचे थांबले असते. तिनं खिळा ठोकला आणि टूथपेस्टच्या झाकणाचा एक डबा त्याला अडकवला.

समोरचा कोळसा तेवढा राहिला होता. खरा कोळसा कुटून लावला तर तो राखेसारखा निस्तेज दिसायला लागला, शिवाय धर्मपालांना खोकल्याची उबळ आली. काळी चमक आणायची कुठून? प्रभावती कपाट उचकत होती, तिच्या हाताला यवतमाळच्या दवाखान्यातले जुने एक्स-रे लागले. ती घुटमळली. धर्मपालांनीच ते हातातून घेतले, उजेडात धरले.

"काप," ते म्हणाले. "माह्याच छातीतला कोयसा हाय, जाऊ दे परत खानीत." आणि असे हसले की खोकला लागेस्तोवर हसत राहिले. कात्रीनं कापलेले ते बारीक काळे तुकडे भिंतीत तिरपे रोवले, तेव्हा खरोखरच कोळशाचा थर चमकल्यासारखा दिसला.

आता टेकू. मुख्य बोगदा झाला, त्याला उजवीकडे फुटणाऱ्या फांद्या झाल्या. डावीकडच्या दुसऱ्या फांदीत प्रभावती टेकू ठेवायला गेली तसे धर्मपाल म्हणाले, "तिथं नको."

"काहून? छत पडन ना."

ते उठून खाटेवर गेले. त्या दिवशी पुन्हा मागे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण त्या फांदीकडे पाठ करून बसले. आठ दिवस असेच गेले. प्रभावतीनं विचारलं नाही. नवव्या दिवशी तिनं साल काढलेली एक तुराटी त्यांच्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तिथं कोन होतं?"

धर्मपालांनी ती तुराटी बराच वेळ बोटांत फिरवली.

"भावसिंग," ते म्हणाले.

भावसिंग राठोड प्रभावतीला आठवत होता. फुलसावंगीकडचा बंजारा, उंच, मोठ्यानं बोलणारा. पोळ्याला घरी यायचा, अश्वजितला खांद्यावर घ्यायचा. पंचवीस वर्षांपूर्वी खाणीत छताचा दगड पडून त्याचा पाय गेला आणि तो गावी निघून गेला, एवढं तिला माहीत होतं. त्यानंतर धर्मपालांनी त्याचं नाव काढलं नाही. काहीतरी भांडण झालं असेल असं तिनं धरून ठेवलं होतं.

"छत मी वाजवून पाह्यलं होतं," धर्मपाल सांगायला लागले. "आवाज चांगला आला. मीनं त्याले म्हनलं, जा, बरं हाय. टेकू ठोकला नाही. मी वळनावर गेलो असंन नसंन, अन् मांगं..." त्यांनी तुराटी खाली ठेवली. "दवाखान्यात त्याले पाहाले गेलतो. दारातूनच परत आलो. कोनतं तोंड घेऊन जाऊ आत?"

"अन् हे मले आज सांगता?"

"कोनालेच नाही सांगितलं."

प्रभावतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बेबीताईचा नवरा युनियनमध्ये होता. त्याच्या जुन्या वहीत भावसिंगचा पत्ता निघाला, पत्त्यावरून गावातला कोणीतरी, त्याच्याकडून नंबर. प्रभावतीनं विहाराच्या मागे उभं राहून फोन लावला. आपण कोण ते सांगितलं.

"धर्मा जिता हाय?" भावसिंगनं विचारलं.

"हाय."

"मंग त्यानं काहून नाही लावला फोन?"

"भाऊ, त्यायले तुमच्यासमोर यायची लाज वाटते. खान करून राह्यलो आमी घरी, खोक्याची. एका जागी येऊन अडली. तुमी पाहाले येता का?"

"खोक्याची खान?" तो म्हणाला. "ते काय असते?" आणि मग, ती समजावून सांगायच्या आतच, "येतो. शनिवारी येतो."

धर्मपालांना तिनं शनिवारी सकाळीच सांगितलं. त्यांनी चपला घातल्या आणि दम लागत असतानाही शब्बीरच्या दुकानापर्यंत चालत गेले. पळून गेले असंच प्रभावतीला वाटलं. पण शब्बीरचं दुकान फाट्यावर होतं आणि बस तिथेच थांबायची. दुपारी ती दारात उभी होती तेव्हा रस्त्यानं दोन म्हातारे येताना दिसले. एकाला दम लागत होता, एकाचा पाय लाकडी होता. दोघंही दहा पावलांवर थांबत होते. एक थांबला की दुसरा आपोआप थांबायचा.

भावसिंग पाणी प्याला आणि सरळ मागच्या अंगणात गेला. खाणीसमोर स्टुलावर बसला. प्रभावतीनं आत लावलेली रोषणाईची छोटी माळ पेटवली. पांढऱ्या भिंती उजळल्या, टबांच्या सावल्या पडल्या, टोकाला काळा कोळसा चमकला. भावसिंगनं वाकून, डोकं तिरपं करून एकेक जागा पाहिली.

"हा टब उलटा लावला," तो म्हणाला. "कडी पुढं पाह्यजे."

"हो ना," धर्मपाल म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा हा पहिला शब्द.

मग भावसिंगचं बोट डावीकडच्या दुसऱ्या फांदीवर गेलं. "हे काहून रिकामं?"

धर्मपालांनी काठी खाली ठेवली. "इथं... मीनं वाजवून पाह्यलं होतं. बरं हाय म्हनलं होतं तुले."

"मीनं बी वाजवलं होतं," भावसिंग म्हणाला.

"आँ?"

"तू वळनावर गेल्यावर. मी कोनाच्याही शब्दावर छताखाली उभा राह्यलो नाही कधी, तुह्याही नाही. लोखंडी सबलीनं दोनदा ठोकून पाह्यलं. टणक आवाज आला. दगडानं फसवलं धर्मा. तुले फसवलं अन् मले बी फसवलं." त्यानं पाठ सरळ केली. "मले वाटलं तू माह्यावर राग धरून बसला. चौकशी लागली होती तुह्यामांगं माह्यामुळं, नोकरीवर आलं होतं तुह्या. म्हनून आला नाही म्हनलं दवाखान्यात."

"राग?" धर्मपाल म्हणाले. "तुह्यावर?"

पंचवीस वर्षं दोघं जिल्ह्याच्या दोन टोकांना एकमेकांच्या रागाला घाबरून बसले होते. प्रभावती चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली आणि चहा उकळून अर्धा होईपर्यंत बाहेर आली नाही. आली तेव्हा धर्मपाल ब्लेडनं तुराटी कापत होते आणि भावसिंग त्यांच्यावर खेकसत होता, "लहान झाला बे, जरा मोठा काप."

भावसिंग एका दिवसासाठी आला होता, पाच दिवस राहिला. पाय गेल्यावर तो गावी शिवणकाम शिकला होता. मशीनला मोटर लावून बसस्टँडजवळ दुकान चालवायचा. खाणीतली माणसं प्रभावतीनं तारेला चिंध्या गुंडाळून केली होती, ती त्याला अजिबात पसंत पडली नाहीत. त्यानं घरी फोन करून येणाऱ्या बसच्या कंडक्टरबरोबर कात्रणांची पिशवी मागवली आणि काडीपेटीएवढ्या माणसांना खाकी पँटी शिवून घातल्या. त्यातला एक जरा उंच होता.

"हा मी," तो म्हणाला. "वहिनी, दोन्ही पाय मजबूत लावा बरं याचे. मंग नाटक नको."

बुद्धपौर्णिमेच्या आधी ती खाण विहाराच्या वाचनालयात गेली. चार जणांनी उचलून नेली, शब्बीर पुढे रस्ता मोकळा करत होता. पहिल्या रविवारीच बायकांची रांग लागली. पोरासोरांपेक्षा म्हाताऱ्याच जास्त. विमलताई, जिचा नवरा निवृत्तीनंतर वर्षभरातच वारला होता, ती खोक्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आमचे कुठं काम करत होते?" तिनं विचारलं. धर्मपालांनी काठीनं जागा दाखवली आणि मग सांगत राहिले: तो किती जोरात टब ढकलायचा, कसा गाणं म्हणायचा, पाळीच्या शेवटी सगळ्यांच्या आधी कसा वर पळायचा. दम लागला की थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. विमलताईनं सगळं ऐकलं. म्हणाली, "घरी तं कधी गानं नाही म्हनलं त्यानं," आणि हसली, आणि डोळे पुसले.

पुढच्या महिन्यात अश्वजितनं फ्रिजचा खोका आणून दिला. आईनं फोनवर मागवला होता. यावेळी काय करायचं ते प्रभावतीनं ठरवून ठेवलं होतं. तिची आई राजूरच्या चुनाभट्टीवर दगड वाहायची आणि आठव्या वर्षापासून प्रभावतीही तिच्याबरोबर जायची. ही भट्टी कशी होती ते धर्मपालांना माहीत नव्हतं. त्यांनी तुराटीचा भारा शेजारी ठेवला, फूटपट्टी घेतली आणि विचारलं, "भट्टीचं तोंड केवढं होतं?"

प्रभावती विचारात पडली. तिनं हात पसरून माप दाखवलं, मग कमी केलं, मग पुन्हा थोडं वाढवलं. "मी लहान होती ना," ती म्हणाली. "मले तं लय मोठं वाटे. आई वरून दगड टाकत होती, मी खाली टोपली धरून. पायाले फडकं बांधत होती ती माह्या, चटका लागते म्हनून. लाल लुगड्याचं फडकं."

"लाल?" धर्मपाल म्हणाले. "थांब, लिहून घेतो. अन् वर चढाले काय होतं, शिडी का उतार?"

ती सांगू लागली.